खारपाणपट्ट्यातील सौरपंप

वऱ्हाडातील शेतकऱ्याला ऊन नवे नाही. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. जमिनीतील ओल ओढून घेणारे म्हणूनच हे ऊन आजवर ओळखले गेले. आता तेच ऊन विहिरीवरील पंप चालवू लागले आहे. केंद्र सरकारची 'कुसुम' योजना २०१९ साली आली, व २०२४ साली महाराष्ट्र शासनाने 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना सुरू केली. तीत शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरावयाचा असतो. अडीच एकरांपर्यंतच्या जमिनीस ३, पाच एकरांपर्यंत ५ व त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो.

दिवसाचे पाणी

विजेच्या पंपास पुष्कळदा रात्रीच्या पाळीत वीज मिळते. हरभऱ्याला पाणी द्यावयाचे तर थंडीत, अंधारात, विंचू-काट्याची भीती बाळगून बांधावर जागावे लागते. तेलाचे इंजिन वापरावे तर तेलाचा खर्च सोसत नाही. सौरपंपाने ह्या दोन्ही अडचणी दूर होतात. हा लाभ लहान नव्हे. परंतु अमरावती व अकोला जिल्ह्यांतील पुष्कळ गावांत त्यापूर्वी एक प्रश्न विचारावयास हवा: पंपाने उपसावयाचे पाणी कोणते?

सूर्य पाणी गोडे करीत नाही

पूर्णा नदीच्या खोऱ्यात दर्यापूर, अंजनगाव, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर इत्यादी तालुक्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. बुलढाणा जिल्ह्यातील भाग धरून त्यात ९०० च्या आसपास गावे येतात. येथील भूगर्भातील पाण्यात क्षार, व त्यांतही सोडियम, अधिक असतो.

ह्या पाण्याचा हिशेब प्रत्येक शेतकऱ्याने एकदा करून पाहावा. एका हेक्टरास ५० मिलिमीटरचे एक पाणी देणे म्हणजे ५ लाख लिटर पाणी सोडणे होय. त्या पाण्यात दर लिटरमागे २ ग्रॅम क्षार असले, तर एकाच पाळीत १,००० किलो, म्हणजे १० क्विंटल क्षार शेतात येऊन पडतात. सोडियम काळ्या मातीच्या कणांना चिकटतो. कण सुटे होऊन फुगतात व मातीतील छिद्रे बुजतात. मग पाणी मुरत नाही, निचरा होत नाही, आणि वाळल्यावर जमीन दगडासारखी कठीण होते.

डिझेलचा खर्च होता तोवर हे पाणी उपसण्यास आपोआप आळा बसत असे. सूर्याच्या बळावर ते फुकट उपसले जाईल, तेव्हा बिघाडाचा वेगही वाढेल. आडातच खारट, तर पोहऱ्यात गोडे कोठून येणार?

ह्यास्तव पंपासाठी अर्ज करण्यापूर्वी पाण्याची परीक्षा करून घ्यावी. पंप थोडा वेळ चालवून स्वच्छ बाटलीत अर्धा लिटर नमुना घ्यावा व प्रयोगशाळेकडे पाठवावा. विद्युतवाहकता २.२५ हून अधिक आल्यास ते पाणी सर्वसाधारणपणे ओलितास अयोग्य समजावे. आकडा कमी आला तरी सोडियमचे प्रमाण विचारल्याशिवाय राहू नये.

शेततळ्याची जोड

खारपाणपट्ट्यात गोडे पाणी आकाशातून येते. वर्षाकाठी सुमारे ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. ३० मीटर लांब, तितकेच रुंद व ३ मीटर खोल अशा शेततळ्यात सुमारे १९ लाख लिटर पाणी साठते. बाष्पीभवन व पाझर वजा जाता एका हेक्टरास दोन पाळ्या मिळतील, असा बेताचाच अंदाज धरावा. सोयाबीन वा कपाशीस पावसाच्या खंडात एक व हरभऱ्यास एक पाळी मिळाली तरी पीक हातचे जात नाही. शेततळ्याचे पाणी फार उंच चढवावयाचे नसल्याने तेथे लहान पंपानेही काम भागते. ओलिताचे कोणतेही साधन नसता मोठा पंप घेण्यात हशील नाही.

शेततळे सुमारे ९ गुंठे जमीन अडविते, आणि वर्षातून थोडेच दिवस पाणी देणारा पंप इतर दिवशी स्वस्थ उभा राहतो. लहान शेतकऱ्यास हे दोन्ही जड जाते. ज्यांच्या विहिरीस गोडे पाणी आहे व वीज जोडणीही आहे, त्यांच्यासाठी २०१७ सालची 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी' योजना विचारात घेण्याजोगी आहे. तीत सौर वीज वाहिनीलाच मिळून जुन्याच पंपाला दिवसा पुरवठा होतो.

देखभाल

ऊन जितके कडक तितकी वीज अधिक, ही समजूत बरोबर नाही. पट्ट्यांची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. त्या ६५ अंशांपर्यंत तापल्या की वीज सुमारे सहाव्या हिश्श्याने घटते. धूळ व झाडाची सावलीही वीज घटविते. पट्ट्या सकाळी, थंड असताना, मऊ कापडाने व गोड्या पाण्याने पुसाव्यात. खाऱ्या पाण्याने पुसल्यास क्षारांचे डाग राहतात. योजनेत पाच वर्षे दुरुस्तीची हमी व विमा असतो. त्याची कागदपत्रे जपून ठेवावीत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सौरपंपाची माहिती सांगताना पाण्याच्या नमुन्याची बाटली बरोबर न्यावी. पंप बिघडला तर दुरुस्त होतो. क्षारांनी बिघडलेली जमीन सुधारण्यास जिप्सम, हिरवळीची खते व निचऱ्याचे चर ह्यांवर वर्षानुवर्षे खर्च करावा लागतो.