तीस दिवसांत किती युरोप?

महिनाभर युरोपला जायचं ठरलं, त्या संध्याकाळी आम्ही नवरा-बायको वही घेऊन बसलो आणि गावांची यादी केली. लंडन, पॅरिस, अॅमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, ल्युसर्न, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम, बार्सिलोना आणि अथेन्स. तेरा गावं, अकरा देश! यादी वाचूनच पोट भरलं. प्रत्यक्षात आम्ही गेलो चार देशांत आणि राहिलो सहा गावांत. उरलेली सात गावं कशी गळली, ते आज सांगायचं आहे. सहल आखणं म्हणजे गावं निवडणं, असं आपण समजतो. खरं काम असतं ते खोडण्याचं, आणि ते फार जिवावर येतं.

पहिली गोष्ट, हिशेब दिवसांचा न करता रात्रींचा करावा. तीस दिवस म्हटलं की भरपूर वाटतात. पण जाता-येताचा विमानप्रवास वजा केल्यावर आमच्या हाती राहिल्या 28 रात्री. गाव बदलायचं त्या दिवशी काय होतं? सकाळी सामान बांधा, हॉटेल सोडा, स्टेशन गाठा, गाडी पकडा, नव्या गावात पत्ता शोधा. तिथं दुपारी दोन-तीनच्या आत खोली ताब्यात मिळत नाही. गाडीचा प्रवास तीनच तासांचा असला तरी दिवस गेलाच म्हणून समजा. तेरा गावं म्हणजे बारा वेळा बिऱ्हाड हलवणं. म्हणजे महिन्यातले बारा दिवस निव्वळ हमाली! सहा गावांत हेच काम पाच वेळा करावं लागतं.

शिवाय एका गावात चार-सहा रात्री राहिलं की आसपासची गावं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊन पाहता येतात. अॅमस्टरडॅमहून द हेग रेल्वेनं तासाभराच्या आत आहे. तिथल्या मॉरित्सहाउस संग्रहालयात व्हर्मीरचं मोत्याच्या कुड्या घातलेल्या मुलीचं प्रसिद्ध चित्र आहे. पॅरिसहून व्हर्साय, फ्लॉरेन्सहून पिसा, रोमहून नेपल्स आणि पाँपेई, सगळं असंच. सामान खोलीवर आणि आपण मोकळे.

दुसरी चाळणी व्हिसाची. लक्झेंबर्गमध्ये मोझेल नदीकाठी शेंगेन नावाचं छोटं गाव आहे. 1985 साली तिथं पाच देशांनी आपसांतली सरहद्दीवरची तपासणी उठवायचा करार केला. आज त्या व्यवस्थेत 29 देश आहेत. एका व्हिसावर या सगळ्या देशांत फिरता येतं, कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. पण ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत. लंडनसाठी वेगळा अर्ज, वेगळी फी आणि पासपोर्ट पुन्हा अडकून पडणार. आमच्या यादीतलं पहिलं नाव असं पहिल्याच फेरीत गेलं.

इथं एक बारकावा लक्षात ठेवा. विमान ज्या देशात उतरतं, त्याच देशाकडे व्हिसा मागायचा असतो, असं पुष्कळांना वाटतं. नियम तसा नाही. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्याच्याकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखेच असतील तर पहिल्या प्रवेशाचा देश. म्हणून कुठं किती रात्री राहायचं हे अर्जाआधीच पक्कं हवं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय खर्च भागवणारा विमाही लागतो.

तिसरी चाळणी नकाशाची. यादीतल्या गावांवर आम्ही मुगाचे दाणे ठेवले आणि मागं फिरावं न लागता एका रेघेत किती येतात ते पाहिलं. अॅमस्टरडॅम, पॅरिस, ल्युसर्न, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम ही रेघ सुरेख जुळली. उत्तरेला उतरायचं, सरकत सरकत दक्षिणेला यायचं आणि रोमहूनच घरी परतायचं. जाण्याचं आणि परतीचं गाव वेगळं ठेवून एकत्र तिकीट मिळतं. ते दर वेळी महाग पडतंच असं नाही, आणि आलेल्या वाटेनं परत जाण्याचा एक दिवस वाचतो. अॅमस्टरडॅम ते पॅरिस रेल्वेनं साडेतीन तासांच्या आत. ल्युसर्नहून इटलीत उतरताना गाडी आल्प्सच्या पोटातून, 57 किलोमीटर लांबीच्या गॉटहार्ड बोगद्यातून जाते. हा बोगदा 2016 मध्ये सुरू झाला. अथेन्स, बार्सिलोना, बर्लिन, प्राग, बुडापेस्ट रेघेच्या बाहेर पडले. दाणे उचलून डब्यात टाकले.

उरलं व्हिएन्ना. ते उचलायला माझा हात होईना. मोझार्ट, बीथोव्हेन, शुबर्ट यांचं ते गाव, आणि त्यांच्या ध्वनिफिती मी कॉलेजपासून ऐकत आलो आहे. पण स्वित्झर्लंडहून व्हिएन्ना आणि तिथून व्हेनिस, दोन्ही प्रवास सात-आठ तासांचे. म्हणजे दोन दिवस गाडीत आणि चार रात्री मुक्कामाच्या. त्या कुठून काढणार? फ्लॉरेन्समधून काढू, असं मी सुचवलं. तिथं पाच रात्री ठेवल्या होत्या.

बायको एवढंच म्हणाली, "अहो, मग महाराजांचं राहील."

ती कोल्हापूरची. करवीरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 साली इंग्लंडला गेले होते. परतताना फ्लॉरेन्समध्ये 30 नोव्हेंबरला त्यांचं निधन झालं. वय अवघं विशीचं. तिथं आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले आणि 1874 मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली. हे तिनं लहानपणी वडिलांकडून ऐकलेलं. वडिलांना जाता आलं नाही.

मग आम्ही चौथी चाळणी लावली. प्रत्येक गावापुढे एकच प्रश्न लिहायचा, इथंच का? "सगळे जातात म्हणून" हे उत्तर बाद. तिच्या प्रश्नाला उत्तर होतं आणि ते दुसऱ्या कुठल्याही गावात भागण्यासारखं नव्हतं. माझं संगीत मी घरीही ऐकू शकत होतो. व्हिएन्नाचा दाणा मी उचलला. साठी उलटल्यावर "पुढच्या वेळी बघू" म्हणणं सोपं असतं, पण खोडलेलं गाव बहुधा कायमचंच खोडलेलं असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

शेवटचा हिशेब असा झाला. अॅमस्टरडॅम चार रात्री, पॅरिस सहा, ल्युसर्न चार, व्हेनिस तीन, फ्लॉरेन्स पाच, रोम सहा. इटलीत चौदा रात्री, म्हणून व्हिसा इटलीचा. ल्युसर्नला चारच, कारण स्वित्झर्लंड सर्वांत महाग आणि तिथं युरो नव्हे, फ्रँक चालतो. महिना मे निवडला. रात्री नऊपर्यंत उजेड असतो, ऊन सोसवतं. ऑगस्टमध्ये इटलीत उकाडा असतो आणि तिथली माणसंच सुटीवर जातात.

मुक्कामाचे वारही तपासून घ्या. पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद. फ्लॉरेन्सचं उफित्झी सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. व्हेनिसला तर राहाच. गर्दीच्या ठरावीक दिवशी नुसतं दिवसापुरतं येणाऱ्यांकडून तिथं 2024 पासून प्रवेशशुल्क घेतात, मुक्कामी माणसाला ते माफ असतं. आणि संध्याकाळी गर्दी ओसरल्यावरचं व्हेनिस वेगळंच आहे.

फ्लॉरेन्सच्या तिसऱ्या दिवशी आम्ही काशिने बागेच्या पश्चिम टोकापर्यंत चालत गेलो. जवळच्या मोठ्या पुलाचं नावच तिथं "हिंदी माणसाचा पूल" असं आहे. छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा. बायकोनं चपला काढल्या, नमस्कार केला आणि बराच वेळ काही न बोलता संगमाकडे बघत बसली. आम्हाला घाई नव्हती, पुढची गाडी तीन दिवसांनी होती.

व्हिएन्ना राहिल्याची चुटपुट मला अजून आहे. ती असायचीच. तुम्ही यादी कराल तेव्हा ती ऐसपैस करा, मात्र रबर हाताशी ठेवा. आणि खोडण्याआधी सोबतच्या माणसाला एकदा विचारा, तुला नेमकं कुठं जायचं आहे आणि का?

(नभोवाणीवरील भाषणावरून)