भोर-वेल्ह्यातील कडे : आरोहणमार्ग आणि प्रवेशाधिकार

कड्यावर आरोहणाचा मार्ग आखता येणे आणि त्या मार्गावर जाण्याचा अधिकार असणे, या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीचा निर्णय खडकावरून होतो, दुसरीचा जमिनीच्या दप्तरावरून. भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतील कड्यांच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे.

क्रीडा-प्रस्तरारोहणात आरोहक हातापायांच्या आधारेच वर चढतो. खडकात कायमचे बसविलेले बोल्ट केवळ पतन रोखण्यासाठी असतात. फ्रेंच श्रेणीनुसार ५ ते ६अ या काठिण्याचे मार्ग सामान्यतः मध्यम समजले जातात. असे मार्ग शिकाऊ व सराईत अशा दोघांनाही उपयोगी पडत असल्याने त्यांवर वर्दळ अधिक राहते.

येथील खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा बनलेला आहे. घट्ट बेसाल्टचा थर उभा कडा होऊन टिकतो. सच्छिद्र थर लवकर झिजतो व तेथे पायरीसारखी सपाटी तयार होते. कडा आणि माची या दुर्गांच्या परिभाषेतील जोडीमागे पुष्कळदा हीच रचना असते. घट्ट थरात बारीक धारा व उभ्या भेगा सापडतात. सच्छिद्र थरात हाताला खोबणी मुबलक मिळतात, परंतु तो खडक ठिसूळ असतो. म्हणजे जो भाग चढावयास सोपा, तोच बोल्टाला अविश्वसनीय ठरण्याचा संभव असतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बोल्टाने आडव्या दिशेचा २५ किलोन्यूटन भार सोसला पाहिजे. पण ही शक्ती निर्दोष पायात बसविलेल्या बोल्टाची होय. म्हणून हातोडीने ठोकून पोकळ आवाज येणारी जागा वर्ज्य करावी लागते.

अधिकाराचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. हा बहुतेक प्रदेश पूर्वी भोर संस्थानात होता. राजगड, प्रचंडगड व विचित्रगड ही त्याच्या तालुक्यांचीच नावे होती. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. आज एखाद्या कड्याचा पायथा खाजगी मालकीत, उतार गायरानात आणि माथा राखीव वनात असू शकतो. राखीव वनास १९२७ चा भारतीय वन अधिनियम लागू होतो व तेथे विनापरवाना प्रवेश हाही अपराध ठरू शकतो. राजगडासारख्या राज्य संरक्षित स्मारकास १९६० चा महाराष्ट्राचा स्मारकविषयक अधिनियम लागू आहे. शिवाय २०२५ साली राजगडाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत झाला. अशा ठिकाणी खडकात भोक पाडणे हा क्रीडेचा नव्हे, स्मारकाच्या हानीचा विषय होतो.

बोल्ट काढता येतो, भोक बुजत नाही. एका अनधिकृत मार्गामुळे सबंध कडा बंद होऊ शकतो, आणि त्याची झळ मार्ग आखणाऱ्यापेक्षा पुढच्या आरोहकांना व पायथ्याच्या गावाला अधिक लागते. आग्या मोहोळ किंवा गिधाडांची घरटी असलेल्या कड्यावर तर परवानगी मिळाली तरी ऋतू पाहूनच चढावे लागते.

यास्तव कामाचा क्रम उलटा असावयास हवा. प्रथम गावनकाशा, सातबारा व वनहद्द तपासावी. ग्रामस्थ व संबंधित खाते यांची लेखी संमती घ्यावी. मग खडकाची परीक्षा करावी, आणि छिद्रणयंत्र सर्वांत शेवटी हाती घ्यावे. अधिकार संदिग्ध असेल तेथे मार्ग कितीही सुगम असला तरी तो आखलेला नाही, असेच समजणे योग्य होय.