छापखान्याचे भांडवल

मुद्रणकलेचे श्रेय देताना आपण बहुधा यंत्राचा आणि त्याच्या कल्पकाचा गौरव करून थांबतो. परंतु जळगावच्या बाजारपेठेलगत अद्याप तग धरून असलेल्या एका जुन्या छापखान्यात बसून, अक्षराच्या खिळ्यापासून छापील कागदापर्यंतचा सारा व्यवहार स्वस्थपणे पाहिला, म्हणजे या कलेच्या पायात कल्पकतेइतकीच उधारी, गिऱ्हाईक आणि जोखीम यांचीही चिरेबंदी आहे, हे ध्यानात येते.

उतरत्या घोडीवर मांडलेल्या केसपुढे, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीपुढे, वृद्ध जुळारी उभा असतो. डाव्या हातात खिळे जुळवायची स्टिक, समोर खर्डा, आणि उजवा हात एका खणातून दुसऱ्या खणात अखंड फिरत असतो. नजर खर्ड्यावरच खिळलेली असते. खिळ्याच्या अंगावरील खाच अंगठ्याला लागली की तो सुलट आहे की उलट, हे त्याला पाहावे लागत नाही. "भाऊ, खिळा बोटानं वाचाचा असतो," असे तो सांगतो, तेव्हा त्यामागे अर्धशतकाचा सराव बोलत असतो. इंग्रजीचे सव्वीस अक्षरांवर निभावते. देवनागरीला मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे धरून शेकडो प्रकारचे खिळे लागतात, आणि त्यांतील एखादा जरी अपुरा पडला तरी जुळलेल्या मजकुराचा फर्मा अडून राहतो. म्हणून मराठी छापखाना काढणाऱ्याला पहिली ओळ छापण्यापूर्वीच शिशाच्या खिळ्यांत मोठी रक्कम गुंतवावी लागे.

जुळलेला मजकूर सुतळीने बांधून, प्रूफ तपासून, लोखंडी चौकटीत पाचरी ठोकून आवळला, की तो पायाने चालणाऱ्या ट्रेडल यंत्रावर चढतो. वरच्या तबकडीवरून शाई घेऊन रूळ खिळ्यांवरून फिरतात. उजवा हात कोरा कागद लावतो, डावा छापील कागद उचलतो, आणि पाय आपली लय सोडीत नाही. मी पाहिले ते काम कापसाच्या अडतीच्या पावत्यांचे होते. छपाई संपताच खिळे रॉकेलने धुऊन आपापल्या खणांत परत जाऊ लागले. कारण जुळून ठेवलेले पान म्हणजे अडकून पडलेले भांडवल. "पुस्तकानं नाव होतं, पावतीबुकानं चूल पेटते," हे मालकांचे वाक्य मला या धंद्याचे सूत्र वाटले.

या सूत्राचा आरंभ जर्मनीतील माइन्झ शहरात सापडतो. मुद्रणयंत्राचा कल्पक गुटेनबर्ग याने योहान फुस्ट या सावकाराकडून प्रथम आठशे गिल्डर यंत्रसामग्रीच्या तारणावर घेतले, पुढे तितकेच आणखी घेतले. बायबलचे प्रचंड काम चालू असताना चर्चच्या क्षमापत्रांचे किरकोळ कामही त्या काळी छापले जात होते. 1455 मध्ये फुस्टची फिर्याद उभी राहिली, आणि छपाईचा व्यवसाय फुस्ट व गुटेनबर्गचाच कारागीर पीटर शोफर यांच्या हाती गेला. कल्पक हरला, पण कला तरली. कारण तिला तोवर गिऱ्हाईक मिळाले होते.

आपल्याकडे मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेस उभारून 1831 मध्ये पंचांग छापले. ही निवड मला फार शहाणपणाची वाटते: घरोघर दरवर्षी लागणारी आणि पुढच्या वर्षी पुन्हा विकत घ्यावी लागणारी अशी दुसरी वस्तू कोणती? त्याच मिशनमध्ये टाइप घासण्याच्या चाकरीपासून आरंभ केलेल्या जावजी दादाजींनी 1864 मध्ये टाइपांचा कारखाना आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, आणि संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध, देखण्या आवृत्त्यांनी देशभर कीर्ती मिळवली.

त्या उद्योगाचे फळ खानदेशाने भरघोस चाखले आहे. धुळ्यात 1893 मध्ये स्थापन झालेल्या सत्कार्योत्तेजक सभेने, शंकर श्रीकृष्ण देवांच्या परिश्रमाने, मठामठांतून पडून राहिलेले रामदासी वाङ्मय छापून लोकांपुढे ठेवले; इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगावच्या दप्तरांतून वेचलेली कागदपत्रे छापली गेली नसती, तर ती वाळवीच्या वाट्याला गेली असती. आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या बहिणाबाई चौधरींनाही जळगावच्या छापखान्याने कवितेचा विषय दिला. त्यांची स्वतःची कविता 1952 मध्ये, त्यांच्या पश्चात, छापील पुस्तक होऊन महाराष्ट्राला भेटली.

माझे मत असे, की विद्वान आणि कवी यांच्याइतकेच मराठी वाङ्मय या छापखानेवाल्यांचे ऋणी आहे, कारण पावत्या, लग्नपत्रिका आणि हँडबिले छापून त्यांनी ग्रंथांची यंत्रे चालती ठेवली. आज जुने खिळे शिशाच्या भावाने मोडीत जात आहेत. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील ज्या घराण्यांत असा छापखाना असेल, त्यांनी निदान एक भरलेली केस, एक स्टिक आणि त्यांबरोबर जुन्या कीर्दी-खतावण्या जवळच्या महाविद्यालयाच्या किंवा संशोधनसंस्थेच्या स्वाधीन कराव्यात, आणि त्या संस्थांनी त्या नोंदवून, जपून, विद्यार्थ्यांना हाताळू द्याव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.