जुन्या टीव्ही बॉक्सला नवा जीव

टीव्हीखालच्या कप्प्यात धूळ खात पडलेला तळहाताएवढा काळा बॉक्स आज अनेक घरांत सापडतो. काही वर्षांपूर्वी हौसेने आणलेला. संगणकातले चित्रपट, लग्नाची चित्रफीत, सहलीचे फोटो घरच्या वायफायवरून टीव्हीवर दाखवणे हे त्याचे काम. मग एके दिवशी त्यातले एक अ‍ॅप उघडेनासे होते, काही महिन्यांनी दुसरे. नवे अपडेट येत नाही, कंपनीची वेबसाइटही त्या मॉडेलचे नाव विसरलेली असते. शेवटी बॉक्सची वायर गुंडाळली जाते आणि तो माळ्यावर जातो.

खरे तर त्यात काहीच बिघडलेले नसते. चिप शाबूत असते, मेमरी चालू असते, टीव्हीला जोडणारे पोर्टही ठणठणीत असते. जुने झालेले असते ते फक्त आतले सॉफ्टवेअर. ते काढून त्या जागी लिनक्सवर आधारलेले दुसरे सॉफ्टवेअर घातले, तर तोच बॉक्स आणखी काही वर्षे काम करू शकतो. जगभरातले हौशी तंत्रज्ञ गेली वीसेक वर्षे हे करत आले आहेत. मात्र प्रत्येक बॉक्सच्या बाबतीत ते जमत नाही. ते का जमते आणि का जमत नाही, हे समजून घेतले तर पुढच्या खरेदीच्या वेळी नक्की उपयोगी पडते.

आत बसलेला संगणक

असा बॉक्स म्हणजे छोटा संगणकच. त्यातल्या एकाच चिपवर प्रोसेसर असतो आणि शेजारीच चित्रफीत उलगडणारे खास सर्किट असते. चित्रपटाची फाइल साठवताना ती दाबून लहान केलेली असते, पाहताना ती सेकंदाला पंचवीस-तीस चित्रे या वेगाने पुन्हा उलगडावी लागते. हे अवजड काम खास सर्किट करते, म्हणून साधा, कमी वीज खाणारा प्रोसेसरही पुरतो. याशिवाय तात्पुरत्या कामासाठी थोडी मेमरी आणि सॉफ्टवेअर कायम साठवण्यासाठी फ्लॅश मेमरी असते.

या फ्लॅश मेमरीत बसवलेल्या सॉफ्टवेअरला फर्मवेअर म्हणतात. बहुसंख्य बॉक्समध्ये त्याचा गाभा लिनक्सचाच असतो. अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच आहे. कंपन्यांनी लिनक्स निवडले याचे कारण सरळ होते. ते फुकट मिळत होते, भरवशाचे होते आणि हव्या त्या चिपवर चालवता येत होते.

पण या फुकट गोष्टीला एक अट होती. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतले आणि पुढच्या वर्षी ते ‘जीपीएल’ या परवान्याखाली दिले. हा परवाना अमेरिकी संगणकतज्ज्ञ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये आणला होता. त्याचा मथितार्थ असा: हे सॉफ्टवेअर वापरा, बदला, विका, पण ज्याच्या हाती ते द्याल त्याला त्याचा सोर्स कोडही मिळाला पाहिजे. सोर्स कोड म्हणजे माणसाला वाचता येईल अशा रूपातला मूळ प्रोग्राम. तयार लाडू आणि त्याची कृती यांत जो फरक, तोच फर्मवेअर आणि सोर्स कोड यांत. कृती हाती असेल तर गूळ कमी-जास्त करता येतो.

या अटीचे महत्त्व २००३ मध्ये ठळकपणे दिसले. लिंकसिस कंपनीच्या एका लोकप्रिय वायफाय राउटरमध्ये लिनक्स असल्याचे जाणकारांनी शोधून काढले आणि कोड मागितला. कंपनीने तो खुला केला. त्यातूनच २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प सुरू झाला, जो आज शेकडो प्रकारच्या राउटरवर चालतो. टीव्हीच्या बॉक्सची कहाणीही याच वाटेने गेली.

नेटवर्क नसलेल्या बॉक्सला नेटवर्क

हार्ड डिस्क बनवणाऱ्या वेस्टर्न डिजिटल कंपनीने २००८ मध्ये ‘डब्ल्यूडी टीव्ही’ हा बॉक्स बाजारात आणला. यूएसबी डिस्क जोडायची आणि टीव्हीवर चित्रपट पाहायचा, एवढेच त्याचे काम. त्याला नेटवर्कचे पोर्टच नव्हते. पुढच्या वर्षी नेटवर्क असलेले ‘लाइव्ह’ हे मॉडेल आले. आत लिनक्स असल्याने कंपनीने परवान्यानुसार त्या भागाचा सोर्स कोडही उपलब्ध करून दिला.

हौशी मंडळींना तेवढे पुरे होते. ‘डब्ल्यूडीएलएक्सटीव्ही’ नावाचे पर्यायी फर्मवेअर तयार झाले. ते बसवण्याची युक्ती साधी होती. कंपनीचे अपडेट पेनड्राइव्हवरून देता येत असे आणि त्यासोबत आवृत्तीचा क्रमांक लिहिलेली एक छोटी फाइल असे. बॉक्स तो क्रमांक आपल्या क्रमांकाशी ताडून पाही आणि मोठा दिसला की ‘नवे फर्मवेअर सापडले’ असे सांगे. हौशी फर्मवेअर याच दरवाजाने आत शिरले. कुलूप तोडावे लागले नाही, कारण कुलूप नव्हतेच.

त्याचा परिणाम मोठा होता. नेटवर्कचे पोर्ट नसलेल्या पहिल्या बॉक्सलाही यूएसबीतून नेटवर्क जोडता येऊ लागले. घरातल्या संगणकावरच्या फाइल थेट टीव्हीवर दिसू लागल्या आणि दुसऱ्या खोलीतल्या संगणकावरून बॉक्सची व्यवस्था पाहता येऊ लागली. कंपनीने विकताना जे दिले नव्हते, ते त्याच चिपमधून मिळाले. यंत्राची क्षमता आणि त्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

कृती दिली, चूल मात्र बंद

प्रत्येक बॉक्स इतका मोकळा नव्हता. अमेरिकेत १९९९ मध्ये आलेला ‘टिव्हो’ हा टीव्ही कार्यक्रम ध्वनिमुद्रित-चित्रमुद्रित करणारा बॉक्स. तोही लिनक्सवर चालत असे. कंपनीने परवान्यानुसार सोर्स कोड दिला, पण बॉक्समध्ये एक पहारेकरी बसवला. बॉक्स सुरू होताना सॉफ्टवेअरवर कंपनीची डिजिटल सही आहे का, हे तपासले जाई. सही नसेल तर ते चालतच नसे. म्हणजे कृती हातात, पण त्या कृतीने केलेला लाडू आपल्याच चुलीवर करता येत नाही, अशी गत.

स्टॉलमन यांच्या बाजूने यावर जोरदार आक्षेप घेतला गेला. जून २००७ मध्ये आलेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत घरगुती उपकरणांवरच्या अशा अटकावाला बंदी घातली गेली. टोरवाल्ड्स यांना मात्र ते पटले नाही. कोड परत मिळावा एवढीच त्यांची अपेक्षा होती, यंत्र कसे बनवायचे हे बनवणाऱ्याने ठरवावे असे त्यांचे मत. त्यामुळे लिनक्सचा गाभा आजही दुसऱ्याच आवृत्तीखाली आहे. परिणामी दोन सारखेच दिसणारे बॉक्स दुकानात शेजारी-शेजारी असतात. एकावर दुसरे सॉफ्टवेअर चालते, दुसऱ्यावर नाही. खोक्यावर हे कुठेही छापलेले नसते.

मेमरी कार्डावरून सुरुवात

आज हे काम पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. टीव्हीवर दिसणारा चेहरा असतो ‘कोडी’ या मुक्त सॉफ्टवेअरचा. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर चित्रपट पाहता यावेत म्हणून त्याची सुरुवात झाली होती. पुढे एक्सबॉक्स मागे पडला, सॉफ्टवेअर मात्र सर्वत्र पसरले आणि २०१४ मध्ये त्याने नावही बदलले. फक्त कोडी चालवण्यापुरते लिनक्स असलेल्या ‘लिब्रेएलेक’ आणि ‘कोअरएलेक’ या छोट्या प्रणाली मिळतात. पहिली रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकांवर चालते, दुसरी अ‍ॅमलॉजिक चिप असलेल्या अनेक अँड्रॉइड बॉक्सवर.

बॉक्सला वीज मिळाली की सर्वांत आधी ‘बूटलोडर’ नावाचा छोटा प्रोग्राम जागा होतो. पुढचे सॉफ्टवेअर कुठून उचलायचे, हे तो ठरवतो. एरवी तो फ्लॅश मेमरीकडे जातो. पण अनेक बॉक्समध्ये रीसेटचे बटण दाबून धरत वीज सुरू केली, तर तो आधी मेमरी कार्डात डोकावतो. हे बटण बऱ्याचदा ऑडिओ-व्हिडिओच्या गोल छिद्रात खोलवर दडलेले असते आणि ते दाबायला दात कोरायची लाकडी काडी वापरतात. कार्डावर नवी प्रणाली असेल तर बॉक्स तिथून सुरू होतो. आतली मूळ प्रणाली तशीच राहते. कार्ड काढले की बहुतेक बॉक्स पूर्ववत होतात.

यातली एक पायरी अनेकांना अडवते. कोणत्या तारेवर वायफाय आहे, मेमरी किती आहे, रिमोटचा डोळा कुठे आहे, हे लिनक्सला सांगणारी एक फाइल असते. तिला ‘डिव्हाइस ट्री’ म्हणतात. ती म्हणजे घराचा नकाशाच. शेजारच्या मॉडेलचा नकाशा दिला तर चित्र दिसते पण रिमोट चालत नाही, किंवा बॉक्स सुरूच होत नाही. म्हणून बॉक्सच्या नावापेक्षा आतल्या चिपचा क्रमांक आणि मेमरी किती, हे आधी पाहणे महत्त्वाचे.

एकदा हे जमले की घरातल्या संगणकावरचे किंवा राउटरला जोडलेल्या डिस्कवरचे फोल्डर टीव्हीवर उघडतात. जुन्या बॉक्समध्ये मराठी उपशीर्षकांच्या जागी नुसते चौकोन दिसत असतील, तर देवनागरी टंकाची फाइल स्वतः घालता येते.

काय जमत नाही

सॉफ्टवेअर बदलता येते, सिलिकॉन नाही. चित्रफीत दाबण्याच्या पद्धती बदलत जातात. २००३ ची एच.२६४, २०१३ ची एचईव्हीसी, २०१८ ची एव्ही१. ज्या पद्धतीचे सर्किट चिपमध्ये नाही, ती फाइल प्रोसेसरलाच उलगडावी लागते आणि दुबळ्या प्रोसेसरवर चित्र अडखळते. सशुल्क ओटीटी सेवा संरक्षणासाठी प्रमाणित उपकरणे मागतात. त्यामुळे बदललेल्या बॉक्सवर त्या चालतच नाहीत किंवा कमी दर्जाचे चित्र देतात. घरातले चित्रपट, गाणी, फोटो यांसाठी हा मार्ग उत्तम, ओटीटीसाठी नाही.

फ्लॅश मेमरीतले मूळ फर्मवेअर पुसून नवे लिहिण्यात खरा धोका असतो. लिहिणे अर्ध्यावर असताना वीज गेली तर बॉक्स सुरूच होत नाही. तंत्रज्ञांच्या भाषेत त्याची ‘वीट’ होते. भारनियमन असलेल्या गावात तर हे काम इन्व्हर्टरशिवाय करू नये. म्हणूनच आधी कार्डावरून चालवून पाहणे शहाणपणाचे. हमीची मुदत चालू असेल तर ती गमावण्याची शक्यताही लक्षात घ्यावी. आणि ज्या बॉक्सला घरातली वीज थेट आत जाते, तो उघडण्याचे धाडस करू नये.

कोडीत स्वतःचे चित्रपट नसतात. ‘सगळे मोफत’ असे सांगून चोरीच्या चित्रपटांचे दुवे भरलेले बॉक्स विकले जातात. अशी विक्री हा स्वामित्वहक्काचा भंग असल्याचा निर्वाळा युरोपीय संघाच्या न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये दिला आहे.

प्रश्न फक्त हौसेचा नाही

जुना बॉक्स तसाच वापरत राहिले तर काय बिघडते? अपडेट थांबलेले उपकरण घरच्या नेटवर्कवर उघड्या खिडकीसारखे असते. स्वस्तातल्या काही अनामिक अँड्रॉइड बॉक्सची गोष्ट त्याहून वाईट. त्यांत घातक सॉफ्टवेअर कारखान्यातून निघतानाच बसवलेले असते. ‘बॅडबॉक्स’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा जाळ्याबद्दल अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये जाहीर इशारा दिला. असा बॉक्स मालकाच्या नकळत त्याच्याच इंटरनेट जोडणीवरून दुसऱ्यांचे गैरव्यवहार पार पाडतो. कार्डावरून दुसरी प्रणाली चालवली तर आतले अँड्रॉइड जागे होत नाही, पण बूटलोडर कारखान्याचाच राहतो. त्यामुळे संशय असलेला बॉक्स नेटवर्कपासून दूर ठेवणेच बरे.

आणि टाकून दिले तर? २०२२ मध्ये जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला बराच उघड्यावर जाळला किंवा आम्लात बुडवला जातो. त्यातून बाहेर पडणारे शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या अहवालात बजावले आहे. चालू अवस्थेतला प्रत्येक बॉक्स त्या ढिगात उशिरा जाणे, हा आरोग्याचाही प्रश्न आहे.

‘स्क्वीझबॉक्स’ या नेटवर्कवरून गाणी वाजवणाऱ्या यंत्राचे उदाहरण इथे बोलके आहे. लॉजिटेकने त्याचे उत्पादन २०१२ मध्ये थांबवले आणि २०२४ मध्ये त्याची ऑनलाइन सेवाही बंद केली. एरवी अशी सगळी यंत्रे त्या दिवशी मुकी झाली असती. पण घरच्या संगणकावरून त्यांना गाणी पुरवणारे सॉफ्टवेअर जीपीएलखाली होते. वापरणाऱ्यांनी ते ‘लिरियन’ या नावाने पुढे चालवले आणि यंत्रे आजही गात आहेत.

बॉक्स घेताना पडद्याचा दर्जा, मेमरी आणि किंमत सगळेच विचारतात. त्यात आणखी दोन प्रश्नांची भर घालावी: अपडेट किती वर्षे मिळणार, आणि ती थांबल्यावर यात दुसरे सॉफ्टवेअर घालता येईल का? दुकानदाराला दुसऱ्याचे उत्तर बहुधा माहीत नसेल. पण कोअरएलेक किंवा लिब्रेएलेकच्या यादीत ती चिप आहे का, हे घरी बसून पाच मिनिटांत पाहता येते. पैसे मोजून आणलेला बॉक्स किती वर्षे आपला राहणार, हे त्या पाच मिनिटांत बरेचसे कळते.