मांजर घरची, पाखरू अंगणातलं : दोन्ही आपल्याकडे अमानत

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. इस्लापूरच्या आमच्या घरामागे मेंदीचं झाड आहे, शेजारी लिंबू आणि एक जुना पेरू. मेंदीत बुलबुलाच्या जोडीने वाटीएवढं घरटं केलं होतं. आधी तीन अंडी, मग तीन पिल्लं. शाळेला सुट्टी लागलेली, त्यामुळे लेकरं दिवसभर खिडकीतून तेच बघत होती. पिल्लं घरट्याबाहेर पडली त्याच दिवशी, फजरनंतर, आमची मांजर बिल्लो त्यातलं एक तोंडात धरून ओसरीवर आली आणि अम्मीच्या पायाशी ठेवून बसली. लेकरं रडायला लागली. धाकट्याने चप्पल उचलली. दादीने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "तिला कशाला मारतो रे? पहाटे दार कुणी उघडं ठेवलं होतं?"

दार आम्हीच उघडं ठेवलं होतं. दादीचा तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, म्हणून हा लेख. मांजर पाळणं आपल्या घरांत नवीन नाही. पण मांजरही सुखात राहील आणि अंगणातली पाखरं, खारी, सरडेही जगतील, असं घर कसं ठेवायचं, हे आपण फारसं बोलत नाही.

आमचं गाव किनवट तालुक्यात, सागवानाच्या जंगलाच्या कडेला. जवळच पैनगंगेवर सहस्रकुंड धबधबा, नदीपलीकडे पैनगंगा अभयारण्य. त्यामुळे अंगणातही पाहुणे भरपूर. चिमण्या, साळुंक्या, सातभाई, दयाळ, जास्वंदीवर येणारा सूर्यपक्षी, पानं शिवून घरटं करणारा शिंपी, भिंतीवरून पळणारी खार, पावसाळ्यात बेडूक. नांदेड, लातूर, उदगीरच्या मोहल्ल्यात अंगण छोटं असेल, कदाचित गच्चीवर चार कुंड्या असतील. तिथेही चिमणी, होला, बुलबुल येतातच.

दीन काय सांगतो?

मांजरीबद्दलच्या हदीस आपल्याला माहीत असतात. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वुजूच्या पाण्याचं भांडं मांजरीसाठी कलतं केलं आणि प्रेषितांच्या (स.) हवाल्याने सांगितलं की मांजर नापाक नाही, ती तुमच्या घरात सतत ये-जा करणाऱ्यांपैकी आहे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचं तर नावच मांजरीच्या पिल्लावरून पडलं. मुइज्जा नावाच्या मांजरीची आणि कापलेल्या बाहीची गोष्टही खूप सांगितली जाते, पण ती हदीसच्या विश्वसनीय ग्रंथांत मिळत नाही. जे पक्कं आहे तेवढंच पुरेसं आहे.

पाखरांबद्दलही तितकंच सांगितलं आहे, ते मात्र आपण कमी ऐकतो. प्रवासात कुणी एका पक्षिणीची पिल्लं उचलली आणि ती कासावीस होऊन घिरट्या घालू लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) पिल्लं परत ठेवायला लावली. एखाद्याने झाड लावलं आणि त्यातून माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्लं तर तो लावणाऱ्याचा सदका ठरतो. आणि कुरआनमध्ये पंखांनी उडणाऱ्या पाखरांनाही तुमच्यासारख्याच उम्मती म्हटलं आहे.

कुणी विचारेल, मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला अजाब झाला, मग मांजर घरात ठेवणं बरोबर कसं? त्या हदीसमध्ये गुन्हा असा आहे की तिने खायलाही दिलं नाही आणि बाहेर जाऊन काही पकडून खाऊही दिलं नाही. पोटभर खाणं, पाणी, जागा आणि माया देऊन रात्रभर आत ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे, असं आम्हाला समजतं. मनात शंका असेल तर आपल्या मौलानांना विचारावं.

पोट भरलं तरी शिकार का करते?

मांजर भुकेपोटीच शिकार करते असं नाही. हलणारी बारीक वस्तू दिसली की झडप घालणं तिच्या रक्तातच आहे. म्हणून दूधभात खाऊन झोपलेली मांजरही चिमणीवर धावते. तिला मारून, ओरडून ही सवय जात नाही. ती फक्त तुमच्यापासून लपायला शिकते.

पण शिकार कमी करता येते. २०२१ मध्ये इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी पाळीव मांजरींवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. भरपूर मांस असलेलं खाणं दिल्यावर मांजरींनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी कमी झाली. रोज ५ ते १० मिनिटं मालकाने खेळवलं तर २५ टक्क्यांनी कमी झाली. गळ्यात भडक रंगाचा कापडी पट्टा घातला तर पाखरांची शिकार ४२ टक्क्यांनी घटली, कारण पाखरांना रंग लांबून दिसतो. घंटीचा मात्र ठळक फायदा दिसला नाही.

आम्ही घरात काय बदललं

मगरिब ते सूर्य वर येईपर्यंत मांजर आत. पहाट आणि सांज या तिच्या शिकारीच्या वेळा. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत घरटी जास्त असतात, तेव्हा हा नियम अजिबात मोडायचा नाही. फजरला मस्जिदीत जाणाऱ्याने दार ओढून घ्यायचं, एवढंच.

खाणं वेळेवर, आणि नीट. मोठ्या मांजरींना दूध बहुतेक वेळा पचत नाही, जुलाब होतात. मीठ-मसाल्याशिवाय उकडलेलं, हाड काढलेलं चिकन, सोबत थोडं दिल-कलेजी चांगलं. पण नुसत्या मांसातून सगळं मिळत नाही, म्हणून जमेल तेव्हा मांजरीचं तयार खाद्य मिसळावं. कांदा-लसूण असलेला सालन तिच्यासाठी विषारी आहे. शिजलेली हाडं तुकडे होऊन घशात अडकतात, तेव्हा दावतीनंतर ताटं उघडी टाकू नयेत. आणि ताप आला म्हणून माणसांची पॅरासिटामॉल कधीच देऊ नये, एका गोळीनेही मांजर मरू शकते.

खेळ. दोरीला चिंधी बांधून लेकरांनी रोज संध्याकाळी दहा मिनिटं खेळवायचं. मोबाईल बाजूला राहतो हा वरचा फायदा.

पाण्याची जागा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाखरांसाठी पाणी ठेवणं मोठी नेकी आहे. पण पसरट मातीचं भांडं झुडपाच्या बुडाशी ठेवलं तर मांजर तिथेच दबा धरते. झुडपापासून सहा-सात फूट लांब, उघड्यावर किंवा उंचावर ठेवा. पाणी रोज बदला, नाहीतर डासांची पैदास होते.

नसबंदी. मांजरीण पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, आणि साधारण ६३ ते ६५ दिवसांत विते. वर्षात दोन-तीन वेळा वेत झाले की पिल्लं कोण सांभाळणार? मग ती पोत्यात घालून बाजारात किंवा नदीकाठी सोडली जातात. तो जुल्मच आहे. ऑपरेशनबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, मात्र हनफी ग्रंथांत फायद्यासाठी जनावरांना मुभा दिलेली आढळते. मौलाना आणि जनावरांचे डॉक्टर, दोघांनाही विचारून ठरवावं.

उंदराचं विष नको. विष खाल्लेला उंदीर मांजरीने किंवा घुबडाने खाल्ला तर तेही मरतात. चिकट गोंदाच्या पाट्यांवर तर खारी, पाली आणि चिमण्याही अडकून तडफडतात.

पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर

बुलबुल, साळुंकी यांची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरट्यातून बाहेर पडतात. काही दिवस जमिनीवर, खालच्या फांदीवर फडफडत असतात आणि आई-बाप तिथेच चारा देतात. म्हणजे ते पिल्लू यतीम नसतं. मांजर आत घ्या, पिल्लू जवळच्या दाट फांदीवर ठेवा आणि लांब जा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हा गैरसमज आहे.

मांजरीने धरलेलं पाखरू वरून ठीक दिसलं तरी धोक्यात असतं. मांजरीच्या तोंडातले जंतू बारीक जखमेतून आत जातात आणि दोन-तीन दिवसांत ते दगावतं. खोक्यात, अंधारात, ऊब देऊन ठेवा आणि लवकर जनावरांच्या दवाखान्यात न्या. जखमी वन्यजीवासाठी महाराष्ट्र वन विभागाचा १९२६ हा हेल्पलाइन क्रमांक आहे. साप निघाला तरी हाच क्रमांक. मांजर शेपटी फुगवून एकाच कोपऱ्याकडे बघत बसली असेल तर तिथे हात घालू नका.

ओरखडा साधा समजू नका

रेबीज फक्त कुत्र्यापासून होतो असं अनेकांना वाटतं. मांजरीच्या चाव्यातून, ओरखड्यातूनही होऊ शकतो, आणि लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ वाचतच नाही. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि डॉक्टर सांगतील तेवढे सगळे डोस पूर्ण करा. दोन घेऊन थांबणं म्हणजे जिवाशी खेळ. मांजरीलाही तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस द्या, पुढे दरवर्षी.

घरात कुणी गरोदर असेल तर मांजरीची घाण साफ करण्याचं काम दुसऱ्याने करावं, आणि रोज करावं. त्यातून टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू पोटातल्या बाळाला त्रास देऊ शकतो. मांजर घराबाहेर काढण्याची गरज नसते. हात धुणं, भाजी धुणं, मांस नीट शिजवणं पुरेसं असतं. नमाजची जागा मांजरीच्या मूत्रापासून पाक ठेवणं हे तर आपण करतोच.

आणखी एक. पिंजऱ्यात पोपट ठेवणं आपल्या मोहल्ल्यांत सर्रास दिसतं. हजरत अनस (रजि.) यांच्या लहान भावाजवळ, अबू उमैरजवळ, एक छोटं पाखरू होतं आणि प्रेषित (स.) त्याची चौकशी करत, हे खरं. पण आपला देशी पोपट आणि चांदण्या असलेलं कासव पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. पेरूच्या झाडावर येणारा पोपट बघण्यात मजा जास्त आहे.

हे आपल्याच लोकांचं काम

पाखरांचं वेड ही दुसऱ्यांची हौस, असं वाटत असेल तर दोन नावं लेकरांना सांगा. १८९६ मध्ये मुंबईत जन्मलेले डॉ. सलीम अली. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी, हे विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं, आणि तिथून पक्ष्यांचा अभ्यास सुरू झाला तो जन्मभर. छत्रपती संभाजीनगरचं सलीम अली सरोवर त्यांच्याच नावाचं. दुसरे नाशिकचे मोहम्मद दिलावर. चिमण्या कमी होताना पाहून त्यांनी चिमणी वाचवण्याची चळवळ उभी केली. २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस २०१० पासून पाळला जातो, तो त्यांच्याच पुढाकारातून. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. १२ नोव्हेंबर म्हणजे सलीम अलींचा जन्मदिवस.

यंदा बुलबुलाने पुन्हा मेंदीतच घरटं केलं. या वेळी दोन पिल्लं होती. दहा-बारा दिवस बिल्लो पहाटे खिडकीच्या जाळीआड बसून चिडून म्याव म्याव करत राहिली. दाराची कडी बघण्याचं काम धाकट्याने स्वतःहून घेतलं होतं. दोन्ही पिल्लं उडाली. त्या दिवशी सकाळी नऊ वाजता कडी काढली, तेव्हा बिल्लो बाहेर गेली, पेरूखाली अंग टाकून लोळली आणि उन्हात झोपून गेली.