कानाचा दडा आणि नाकाची वाट

लहान मुलांच्या कानाला बसणारा दडा बहुतेक वेळा कानात नव्हे, तर नाकाच्या मागे सुरू होतो. कानाच्या पडद्यामागील पोकळीला मध्यकर्ण म्हणतात. ही पोकळी एका अरुंद नळीने नाकाच्या मागच्या भागाशी जोडलेली असून सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्ताकी यांच्या नावावरून त्या नळीला युस्टेशियन नलिका म्हणतात. एरवी मिटलेली ही नळी गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब सारखा करते. तान्ह्या मुलात मात्र ती प्रौढाच्या मानाने सुमारे निम्म्या लांबीची व बरीच आडवी असल्याने साध्या सर्दीच्या सुजेनेही बंद पडते.

मलनाडच्या उंबरठ्यावरील धारवाडात आणि शेजारच्या हुबळीत पावसाळी सर्दीखेरीज आणखी एक कारण संभवते, ते म्हणजे घाट. सुमारे ७०० मीटर उंचीवरून अनमोड घाटाने गोव्याकडे किंवा अरबैल घाटाने अंकोल्याकडे उतरताना बाहेरचा दाब वाढत जातो आणि नळी न उघडल्यास पडदा आत ओढला जातो, म्हणून उतरण लागण्यापूर्वी झोपलेल्या मुलाला जागे करावे, तान्ह्याला अंगावर पाजावे व मोठ्या मुलाला घोटघोट पाणी द्यावे.

सर्दीत उपचार करायचा तो नाकावर. औषधाच्या दुकानात मिळणारे सलाइनचे, म्हणजे मिठाच्या निर्जंतुक पाण्याचे, थेंब नाकात सोडून शेंबूड हळूच काढावा, दूध आडवे निजवून न पाजता डोके उंच धरून पाजावे, आणि कान दुखत असल्यास डॉक्टरांनी वजनानुसार ठरवलेले पॅरासिटामॉल द्यावे.

या भागातील मराठी व कन्नड घरांत लसूण घालून कोमट केलेले तेल कानात सोडण्याची आणि न्हाणानंतर धुरी देण्याची रीत मायेपोटीच आली आहे, तरी ती सोडणे इष्ट. कारण तेल शाबूत पडद्यापलीकडे पोहोचतच नाही, पडदा फाटला असल्यास आत जाऊन अपाय करते, आणि धुराने नाकातील अस्तर अधिकच सुजते. कापसाच्या काडीने मळही आत ढकलला जातो.

सर्दीनंतर मध्यकर्णात साचलेला द्रव बहुधा तीन महिन्यांत आपोआप ओसरतो. तो टिकून राहिला किंवा मूल हाकेला ओ देईनासे झाले, तर श्रवणतपासणी करून घ्यावी. कान वाहू लागला, कानामागे सूज आली, ताप चढला किंवा सहा महिन्यांखालील बाळ कान दुखत असल्यासारखे रडू लागले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याच दिवशी, १९५७ साली स्थापन झालेल्या आणि किम्स या नावाने परिचित असलेल्या हुबळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे मुलाला न्यावे.