धुण्याच्या सिंकखालची गळती : ओळख आणि दुरुस्ती



पाट फुटला की आपण हातातलं काम टाकून कुदळ घेऊन धावतो. पण घराच्या मागच्या पडवीत धुण्याच्या सिंकखालची नळी महिनोन्‌महिने ठिबकत असते, तिच्याखाली एक जुनं घमेलं सरकवून आपण मोकळे होतो. घमेलं भरून वाहिलं तरी कुणाचं लक्ष नसतं. ही गळती थोडी दिसते, पण तिचा घाव घराच्या पायावर बसतो. म्हणून आज तिच्याविषयी.

थोडं पाणी, मोठं नुकसान

आता गावोगाव नळ आले. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी धरलेलं आहे. म्हणजे पाच माणसांच्या घरात रोज 275 लिटर पाणी येणार, आणि त्यातलं बरंचसं सांडपाणी होऊन बाहेर जाणार. आता हिशेब करा. सिंकमधून दिवसाला दहा बादल्या पाणी गेलं आणि दर बादलीमागं एकच लिटर गळलं, तर महिन्याला 300 लिटर झालं. दोनशे लिटरचं दीड पिंप पाणी तुम्ही घराच्या एकाच कोपऱ्यात ओतलंत!

काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला सांगायला नको. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. शेतात ते चालतं. पण घराचा एक कोपरा बारमाही ओला आणि बाकीचा पाया कोरडा राहिला, तर पाया सारखा बसत नाही. मग भिंतीला तिरका तडा जातो. भिंत मातीची असेल तर खालून विरघळत जाते आणि एखाद्या पावसाळ्यात बसते. शिवाय साचलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स जातीचे डास वाढतात. हत्तीरोग पसरवणारे डास ते हेच. विदर्भातल्या लोकांना या रोगाची ओळख आहेच.

आधी शोध, मग पाना

पुष्कळ जण गळती दिसली की दिसेल तो नट आवळतात, नाहीतर चिंधी गुंडाळतात. तसं करू नका. पाणी गळतं एका जागी आणि नळीवरून ओघळत येऊन टपकतं दुसऱ्याच जागी. म्हणून असं करा :

1. सिंकखालची जागा रिकामी करा. नळी, नट, सगळं कोरड्या फडक्यानं पुसा. खाली जुनं वर्तमानपत्र पसरा.

2. नळ बंद ठेवून पंधरा मिनिटं थांबा. तरी कागद भिजला, तर दोष सांडपाण्याच्या नळीत नाही. नळाकडं येणाऱ्या पाइपाचा जोड तपासा.

3. सिंकच्या भोकाला बूच लावा, सिंक अर्धा भरा आणि पाण्यात धुण्याची नीळ टाका. बूच घट्ट असताना खाली निळा थेंब आला, तर सिंकच्या भोकात बसवलेली जाळी, म्हणजे कपलिंग, कडेनं गळतंय. नाहीतर सिंकलाच चीर आहे.

4. आता बूच काढा. पाणी जोरात जाताना खालून वर प्रत्येक जोडावर कोरडं बोट फिरवा. सगळ्यांत वरच्या ज्या जोडावर बोट निळं होईल, तिथं गळतीचं मूळ.

दुरुस्ती कशी करावी

*कपलिंग गळत असेल तर* : खालचा नट सोडून कपलिंग वर काढा. जुना मसाला, साबणाचा थर खरवडून जागा कोरडी करा. रबरी वायसर नवे घ्या. वरच्या कडेखाली सिलिकॉनचा पातळ थर द्या आणि नट आवळा. आवळताना वरची जाळी फिरू देऊ नका. एक दिवस पाणी सोडू नका.

*नट गळत असेल तर* : बहुतेक वेळा नट दोषी नसतो, आतला वायसर चपटा झालेला असतो. जुना वायसर दुकानात सोबत न्या आणि त्याच मापाचा आणा. वायसरची एक बाजू उतरती असेल, तर ती जोडाच्या तोंडाकडं आणि सपाट बाजू नटाकडं ठेवा. प्लॅस्टिकचा नट आधी हातानं बसेल तेवढा बसवा, मग पान्यानं फार तर पाव फेरा. जोर लावलात तर आटे जातील. अशा जोडावर टेफलॉन टेप गुंडाळून उपयोग नाही, कारण इथं पाणी वायसर अडवतो, आटे नव्हेत. सायकलच्या ट्यूबचा तुकडा दोन दिवसांची सोय समजा, कायमची नव्हे.

*नळीच चिरली असेल तर* : सरळ बदला. उंदरानं कुरतडलेल्या किंवा उन्हानं, कढत पाण्यानं कडक झालेल्या नळीला चिंधी टिकत नाही. नवी नळी ताणून बसवू नका. खाली ट्रॅप नसेल, तर नळीला एकच वाक द्या आणि तो तारेनं बांधा. त्या वाकात दोनेक इंच पाणी उभं राहिलं पाहिजे. गटारीचा वास आणि झुरळं तेच पाणी अडवतं.

*पुढचा पीव्हीसी पाइप जोडावर गळत असेल तर* : गळक्या जोडावर वरून सोल्युशन चोपडून काही होत नाही. जोड कापून नवा सांधा घाला. पाइप सरळ कापा, कड घासा, पुसून कोरडी करा. दोन्ही अंगांना सोल्युशन लावा, थोडं पिळत आत दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. दार-खिडकी उघडी ठेवा. बिडी, चूल, कंदील दूर. सोल्युशन पेट घेतं.

पाइपाला उतार दर फुटाला पाव इंच द्या. पाणसळ नसली तर ओळंब्यानं आणि दोरीनं काम भागेल. मधे आधार नसेल तर पाइप झोळ खातो, झोळात गाळ बसतो आणि जोड पुन्हा सुटतो.

तुंबलं असेल तर

कधी कधी जोड चांगला असतो, पण पुढं शेवाळ, साबण, कपड्यांचे धागे आणि शेतातली माती अडकून पाणी उलटं येतं. अशा वेळी खाली बादली ठेवून ट्रॅपची वाटी फिरवून काढा आणि आतला गाळ हातानं साफ करा. ॲसिड ओतू नका. हात भाजतात, डोळ्यांत उडतं, आणि ब्लीचिंग पावडरीशी गाठ पडली तर विषारी वायू सुटतो. त्यापेक्षा सिंकच्या भोकावर बारीक जाळी ठेवा. शेतातले चिखलाचे कपडे आधी बाहेर झटका, मगच सिंकमध्ये घाला.

शेवटची तपासणी

काम झालं की निळ्या पाण्याच्या दोन बादल्या एकदम ओता आणि खालचा कागद बघा. आठ दिवसांनी पुन्हा एकदा बघा, कारण नवा वायसर दाबला गेला की नट किंचित सैल पडतो. पाणी बाहेर कुठं जातं तेही बघा. पाइप पायाजवळ सोडून देऊ नका. शोषखड्ड्यापर्यंत न्या, आणि शोषखड्डा विहिरीपासून किमान पन्नास फूट लांब असू द्या.

भगिनींनो, हे काम तुमच्याच हाताखालचं आहे. ओल सगळ्यांत आधी दिसते ती तुम्हालाच. ती सांगितलीत की घरातल्यांनी 'बघू उद्या' म्हणू नये. वायसर काही रुपयांचा आहे, भिंत नाही. हा कागद सिंकजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवा.